चौकटीत मागे उभी असलेली माणसं

पहाटे ५

घरात अजून कोणी उठलेलं नाही. लॅपटॉपवर विल्यम वायलर यांचा १९४६ सालचा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज’ लावला आहे. आवाज बंद आहे, मी फक्त खालच्या मराठी ओळी बघते आहे. आज दुपारी साताऱ्याजवळच्या एका गावात हा चित्रपट दाखवायचा आहे. येणारी बहुतेक माणसं फौजी घरांतली : पेन्शनवर आलेले जवान, त्यांच्या बायका, आया, सुना, काही सुट्टीवर आलेले तरुण.

अ‍ॅल घरी येतो तो प्रसंग चालू आहे. सार्जंट अ‍ॅल स्टीफन्सन कित्येक वर्षांनी आपल्या फ्लॅटच्या दाराशी उभा आहे. मुलगा दार उघडतो, अ‍ॅल त्याच्या तोंडावर हात ठेवतो. मुलगी पुढे येते, तिलाही गप्प करतो. बायको, मिली, आत आहे. ती दारावर कोण आलंय ते विचारते, पुन्हा विचारते, आणि प्रश्न अर्ध्यावर थांबतो. तिला कळलेलं असतं. मग लांबच लांब व्हरांड्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. वायलर स्वतः युद्धावरून परतले तेव्हा पत्नी टॅलीशी त्यांची भेट अशीच एका हॉटेलच्या व्हरांड्यात झाली होती. तीच आठवण त्यांनी इथे वापरली.

या प्रसंगात मी एकच ओळ ठेवली आहे, मिलीच्या अर्धवट प्रश्नाची. बाकी सगळ्या काढल्या. पडद्यावर अक्षरं आली की डोळे खाली जातात, आणि इथे बघायचं आहे ते मिलीच्या पाठीकडे. तिचा चेहरा दिसण्याआधी तिची पाठ थबकते.

मला आज त्या लोकांना एकच गोष्ट सांगायची आहे : परतलेल्या माणसाकडे बघा, पण त्याच्या मागे चौकटीत कोण उभं आहे, तेही बघा. हा चित्रपट त्यासाठीच बांधलेला आहे.

सकाळी ६

होमरच्या काकाच्या, बुचच्या, बारमधला प्रसंग राहिला होता. युद्धात दोन्ही हात गमावलेला होमर पियानो वाजवतो तिथे त्याचे लोखंडी आकडे पट्ट्यांवर चालतात ते चौकटीच्या खालच्या भागात, म्हणजे नेमके आपल्या ओळी येतात तिथेच. तेवढ्या ओळी वर नेऊन ठेवल्या. फाइल पुन्हा जोडली, सुरुवात, मध्य आणि शेवट असं तीन ठिकाणी उघडून पाहिलं. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक हार्ड डिस्कवर.

मग पत्रक. एक पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं, मोठा टाइप. ऑस्कर किती मिळाली ते मी वर घातलेलं नाही. सुरुवात केली ती फ्रान्सिस गोल्डविन या बाईंपासून. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी ‘टाइम’ साप्ताहिकात घरी परतणाऱ्या अमेरिकी मरीन सैनिकांवरचा लेख वाचला आणि नवऱ्याला, निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांना, दाखवला. युद्ध चालू होतं. सगळे जिंकण्याच्या गोष्टी करत होते, आणि या बाईंना ही माणसं घरी आल्यावर काय होईल याची काळजी पडली होती. गोल्डविन यांनी मॅकिन्ले कँटर यांना लिहायला सांगितलं, त्यांनी पद्यात लांबलचक कथा लिहून दिली आणि रॉबर्ट शेरवूड यांनी तिची पटकथा केली. पण मूळ धागा त्या वाचणाऱ्या बाईंकडे जातो, म्हणून त्यांचं नाव पहिलं.

मागच्या बाजूला तळाशी ठळक अक्षरांत १४४१६. टेलि-मानसचा हा क्रमांक फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी टेलि-मानसचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यातल्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला, हेही लिहिलं. चित्रपट दाखवून माणसांच्या आत काहीतरी उघडायचं आणि मग त्यांना तसंच सोडून निघून यायचं, हे मला पटत नाही.

सकाळी ७:३०

स्वारगेटहून साताऱ्याची विनाथांबा गाडी. रविवार असल्याने खिडकी मिळाली. कात्रजच्या बोगद्यापर्यंत बोलायच्या मुद्द्यांवरून नजर फिरवली. सुरुवातीला तीन-चार मिनिटंच बोलणार आहे, त्यामुळे काय गाळायचं हे ठरवणं हेच खरं काम.

बोलायला खूप आहे. वायलर हे घरी बसून युद्धावर चित्रपट काढणारे दिग्दर्शक नव्हते. बी-१७ बाँबफेक्या विमानांतून ते प्रत्यक्ष मोहिमांवर गेले आणि त्यातून ‘मेम्फिस बेल’ हा माहितीपट केला. १९४५ च्या वसंतात इटलीवरून उडताना विमानाच्या आवाजाने त्यांचे कान गेले. पुढे एका कानाने थोडंफार ऐकू येऊ लागलं, दुसरा गेला तो गेलाच. हा चित्रपट करताना ते कॅमेऱ्याखाली बसायचे आणि ध्वनियंत्राला जोडलेला हेडफोन लावून नटांचं बोलणं ऐकायचे.

नीरेवरचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरताना मनात येतं : त्याच वसंतात, त्याच इटलीत, मराठा पलटणी लढत होत्या. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठावर जखमी साथीदारांना खांद्यावर घालून बाहेर काढलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. यशवंत घाडगे यांना तो जुलै १९४४ मधल्या पराक्रमासाठी मिळाला, पण ते परतले नाहीत. परतले ते हजारो. वायलरच्या चित्रपटातली तीन माणसं बून सिटी नावाच्या काल्पनिक गावी विमानाने उतरतात, त्याच वर्षी आपली माणसं बोटीने मुंबईला उतरून, रेल्वेने आणि पुढे पायी आपापल्या वाडीला पोहोचत होती. त्यांच्यावर असा चित्रपट निघाला नाही. त्यांच्या बायकांना कोणी काही विचारलं नाही.

आणखी एक तारीख मला नेहमी हलवते. होमरची भूमिका करणाऱ्या हॅरॉल्ड रसेल यांचे दोन्ही हात ६ जून १९४४ ला उत्तर कॅरोलिनातल्या छावणीत प्रशिक्षणाच्या वेळी स्फोटात गेले. पुण्यातलं सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्रही १९४४ सालचंच. एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना हात-पाय गेलेल्या तरुणांना नवे अवयव वापरायला शिकवण्याचं काम चाललं होतं. हे मी बोलेन. इटलीचंही बोलेन. पुरस्कारांचं कोणी विचारलं तरच.

खंबाटकी चढताना डोळा लागला.

सकाळी १०:३०

गावातला हॉल शाळेला लागून आहे. कार्यक्रम ठरवणारे सुभेदारसाहेब दारातच उभे होते. “जय हिंद मॅडम. प्रोजेक्टर सांगितला तसा आणलाय. खिडक्या मात्र एवढ्या आहेत बघा.”

खिडक्या खूप आणि मोठ्या, वर झरोके. आज माझं निम्मं काम या खिडक्यांशी आहे.

छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी हा चित्रपट असा टिपला आहे की पुढचा माणूस जितका स्पष्ट, तितकाच शेवटच्या भिंतीजवळचाही. ‘सिटिझन केन’ही त्यांचाच. रंगीत चित्रपटात हॉलमध्ये थोडा उजेड आला तर रंग फिके पडतात, गोष्ट कळते. इथे उजेड आला तर पहिल्यांदा मागची माणसं नाहीशी होतात. बारमधल्या त्या प्रसंगात पुढे होमर आणि त्याचा काका बुच पियानो वाजवत आहेत, अ‍ॅल पियानोला टेकून ऐकतो आहे, आणि लांब, अगदी लांब कोपऱ्यात टेलिफोनच्या खोक्यात तिसरा परतलेला सैनिक, फ्रेड, उभा राहून अ‍ॅलच्या मुलीला सांगतो आहे की आता आपण भेटायचं नाही. त्याचा शब्द ऐकू येत नाही. अ‍ॅल एकदा पियानोकडे बघतो, एकदा मागे. सगळा प्रसंग त्या दूरच्या खोक्यावर उभा आहे. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी वायलरवर लिहिताना याच जागेचं बारकाईने विश्लेषण केलं आहे. हॉलमध्ये खोका दिसला नाही तर लोकांना वाटेल की दोन माणसं नुसता पियानो वाजवत बसली आहेत.

काळं कापड आणलं होतं, पुरलं नाही. सुभेदारसाहेबांनी दोन तरुणांना पाठवून मंडपवाल्याकडून ताडपत्र्या मागवल्या. शिडी लावून झरोकेही झाकले. मग प्रोजेक्टर लावून तो फोनचा प्रसंग सुरू केला आणि मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. खोका दिसतो, आतला माणूस धूसर. पडदा थोडा पुढे ओढला, दारावर दुहेरी सतरंजी टाकली. आता फ्रेडचे वाकलेले खांदे दिसले.

चित्र रुंद दिसत होतं. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असते आणि आजचे प्रोजेक्टर तिला ओढून आडवी करतात. चारास तीनवर आणल्यावर चेहरे माणसांचे झाले. आवाज मधल्या रांगेत घुमत होता, दोन्ही स्पीकर भिंतीपासून पुढे घेतले.

सुभेदारसाहेब हे सगळं हाताची घडी घालून बघत होते. “शस्त्र साफ करतो तसं करताय,” म्हणाले. त्यांच्या तोंडी ती दाद होती, आणि मला ती फार मोलाची वाटली.

दुपारी १२:१५

सुभेदारसाहेबांच्या घरी जेवण. वहिनींनी पहिलाच प्रश्न विचारला : किती वाजता सुटणार? साडेपाचला धारा काढायच्या असतात, मग डेअरीला दूध. हा प्रश्न मी आधीच मनात धरला होता. चित्रपट १७२ मिनिटांचा आहे. दोनला सुरू, दहा मिनिटांचं मध्यंतर, पाचच्या जरा नंतर संपेल. त्यानंतर बोलायला अर्धा तास.

“तीन तासाचा पिच्चर, त्यात मारामारी नाय?” त्यांनी विचारलं.

लढाईतली एकही नाही. युद्धाचं एकही दृश्य नाही, मागच्या आठवणी म्हणूनसुद्धा नाही. युद्ध फक्त माणसांच्या अंगात उरलेलं आहे. हे ऐकल्यावर वहिनी ताट वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, “मंग येते.”

दुपारी २

हॉल भरला. पुरुष पुढे बसले, बाया मागे. मी विनंती केली, काही जणी मधल्या रांगांत आल्या. बोलणं चार मिनिटांत संपवलं : तीन माणसं, अ‍ॅल बँकेतला, फ्रेड औषधांच्या दुकानात सोडा विकणारा, होमर शाळेतून थेट नौदलात गेलेला पोरगा. युद्धात फ्रेड कॅप्टन झाला आणि अ‍ॅल सार्जंट, घरी आल्यावर अ‍ॅल पुन्हा बँकेचा साहेब आणि फ्रेड पुन्हा दुकानातला नोकर. पुढच्या रांगेत माना हलल्या. गावात आल्यावर हुद्द्याचं काय होतं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

दिवे बंद.

या प्रेक्षकांबरोबर हा चित्रपट बघणं म्हणजे वेगळा चित्रपट बघणं आहे. टॅक्सीतून तिघं गावातून जातात तेव्हा कोणीच पहिल्यांदा उतरायला तयार नसतं. होमर तर म्हणतो, आधी काकाच्या बारमध्ये जाऊ. वर्गात मी हा प्रसंग दाखवते तेव्हा मुलांना तो संथ वाटतो. इथे हॉल हलला. माझ्या शेजारचे काका हलकेच म्हणाले, “आम्ही स्टँडवर तासभर चहा पीत बसायचो.”

होमर अंगणात उतरतो, निरोपाला हात हलवतो, आकडे दिसतात आणि आईचा हुंदका फुटतो. बापाचं तोंड बघा, मी मनात म्हणत होते. टॅक्सी पुढे जाते आणि फ्रेड म्हणतो की नौदलाने पोराला आकडे वापरायला छान शिकवलं. त्यावर अ‍ॅल म्हणतो, पण आपल्या प्रेयसीला जवळ घ्यायला, तिच्या केसांवरून हात फिरवायला शिकवता आलं नाही. ही ओळ मी खाली ठेवली होती आणि हॉलमधला कोणीही ती वाचायला चुकला नाही.

अ‍ॅलच्या घरी मुलगा विचारतो : हिरोशिमात वाचलेल्या माणसांवर किरणांचा काय परिणाम झाला, तुम्ही बघितलं का? बाप तलवार आणि झेंडा घेऊन आला आहे आणि पोरगा अणुबाँबबद्दल विचारतो आहे. अ‍ॅलला घरात बसवत नाही. तो बायको-मुलीला घेऊन त्याच रात्री बाहेर पडतो, एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये. पुढच्या रांगांतले पुरुष हसले. प्रसंग विनोदीच आहे, फ्रेडरिक मार्च यांनी तो अप्रतिम केला आहे. मागच्या रांगांमधून हसू आलं नाही. हे मी लिहून ठेवलं.

मग फ्रेडचं स्वप्न. अ‍ॅलच्या मुलीने, पेगीने, त्याला आपली खोली दिली आहे. तो झोपेत ओरडतो, जळत्या विमानातल्या साथीदाराला उडी मार म्हणून सांगतो. पेगी येऊन त्याला शांत करते. १९४६ मध्ये या दुखण्याला आजचं नाव नव्हतं. मानसिक आघातानंतरचा ताणविकार हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं ते १९८० साली. जॉन हस्टन यांनी सैनिकी मनोरुग्णालयात प्रत्यक्ष रुग्णांवर केलेला ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट सैन्याने १९४६ मध्येच अडवला आणि तोही लोकांसमोर यायला १९८० उजाडलं. त्या अडवलेल्या माहितीपटाच्याच वर्षी एका मोठ्या व्यावसायिक चित्रपटाने नायकाला घामाने भिजून ओरडताना दाखवलं. वायलरचं हे मोठं धैर्य होतं असं मी मानते.

दुपारी ३:४०

मध्यंतर बँकेच्या भोजनानंतर ठेवलं आहे. त्या भोजनात अ‍ॅल भाषण करायला उभा राहतो. त्याने तारण न बघता युद्धावरून परतलेल्या एका शेतकऱ्याला जमीन घ्यायला कर्ज दिलं आहे आणि साहेब नाराज आहेत. अ‍ॅल पीत राहतो. मिली शेजारी बसली आहे. तिच्या हातात काटा आहे आणि ती टेबलाच्या कापडावर एकेक रेघ ओढते आहे, त्याच्या प्रत्येक पेल्याला एक. भाषण कसं होईल याची सगळ्या सभेला उत्सुकता आहे, तिला रेघांची काळजी.

दिवे लागले तेव्हा चहाकडे जाण्याची घाई नेहमीसारखी नव्हती. पुरुष उठले. मागे बाया बसूनच होत्या आणि बोलत होत्या.

दुपारी ३:५०

उत्तरार्ध. फोनचा प्रसंग आला तेव्हा मी पडद्याकडे न बघता लोकांकडे बघितलं. अ‍ॅल मागे वळला की माना त्याच्याबरोबर खोक्याकडे वळत होत्या. ताडपत्र्यांचं सार्थक झालं.

दुकानातल्या भांडणात फ्रेड ग्राहकाला ठोसा मारतो आणि नोकरी जाते. त्याची बायको, मेरी, त्याला सांगते की युद्ध संपलं, डोक्यातून काढून टाक, तेवढ्यासाठी तू मागे पडलायस.

मग रात्री होमर प्रेयसीला, विल्माला, आपल्या खोलीत घेऊन जातो. आकडे काढले की आपण लहान पोरासारखे परावलंबी होतो, दार लागलं तर उघडता येत नाही, हे तिला आत्ताच बघू दे, म्हणजे ती सोडून जायला मोकळी. हॅरॉल्ड रसेल नट नव्हते. सैन्याने केलेल्या एका लघुपटात वायलरनी त्यांना पाहिलं आणि कँटरच्या कथेतला होमर बदलून टाकला. गोल्डविन यांनी त्यांना अभिनयाच्या शिकवणीला पाठवलं, तर वायलर नाराज झाले. त्यांना शिकवलेलं काही नको होतं. म्हणून तो तरुण कातडी पट्टे खांद्यावरून उतरवतो तेव्हा ते रोजच्यासारखं उतरवतो. विल्मा घाबरत नाही. ती त्याच्या सदऱ्याची बटणं लावते आणि पांघरूण नीट करते.

फ्रेडचं सगळं संपलं आहे. तो गाव सोडून निघतो. त्याच्या बापाचं घर रुळांशेजारी, पत्र्याच्या शेडसारखं. पोरगा गेल्यावर बापाला त्याच्या पदकाचं मानपत्र सापडतं आणि तो ते बायकोला वाचून दाखवतो. एक गरीब, थकलेला माणूस सरकारी भाषेतली वाक्यं वाचतो आणि त्याचा आवाज दाटतो. आपल्या पोराने काय केलं, हे बापाला कागदावरून कळतं आहे. फ्रेडने घरी काही सांगितलेलंच नसतं.

तिथून लगेच विमानांचं स्मशान. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टेरिओ इथे भंगारात निघालेल्या बाँबफेक्या विमानांच्या खऱ्याखुऱ्या रांगांमध्ये हे चित्रीकरण झालं. फ्रेड एका विमानाच्या नाकात चढून आपल्या जुन्या जागी बसतो. इंजिनं केव्हाच काढलेली आहेत. कॅमेरा रिकाम्या जागांसमोरून जातो आणि ह्यूगो फ्रीडहोफर यांचं संगीत एकेक इंजिन सुरू झाल्यासारखं वाढत जातं. घामाने निथळलेला फ्रेड काचेमागे. खालून मुकादम ओरडतो. हा खाली उतरतो, कळतं की या धातूची घरं बनणार आहेत, आणि हा तिथेच काम मागतो.

माझ्या मते जागतिक चित्रपटात परतलेल्या सैनिकाच्या डोक्यात काय चाललं असेल, ते इतक्या थोड्या साधनांत कोणी दाखवलेलं नाही.

सायंकाळी ५:०५

होमरचं लग्न झालं, आकड्याने त्याने विल्माच्या बोटात अंगठी घातली, मागे फ्रेड आणि पेगी खोलीच्या दोन टोकांना. दिवे लागले. डोळे पुसायला वेळ जाऊ दिला.

पहिला प्रश्न अगदी रोखठोक : “ते पोरगं कुठं गेलं? अ‍ॅलचं.” बरोबर आहे. मुलगा सुरुवातीला हिरोशिमाबद्दल विचारतो आणि मग चित्रपटातून जवळजवळ नाहीसाच होतो. हा चित्रपटाचा मोठा उणेपणा आहे. परतलेल्या बापाबरोबर वाढणारं मूल काय बघतं, हे आपल्याला कळतच नाही. विचारणारा मुलगा कॉलेजातला होता, त्याचे वडील पहिल्या रांगेत बसले होते.

मग मधल्या रांगेतल्या एक मावशी उभ्या राहिल्या. “ती रेघा मारती ना, काट्यानं. आम्हीबी मोजतो. रेघा नाय मारत, मनात मोजतो.”

कोणी हसलं नाही. दुसऱ्या एकीने सांगितलं की ती मोजत नाही, फक्त बाटली कुठे ठेवली ते बघते. तिसरी म्हणाली, आमच्यात पिणं नव्हतं, बोलणंच नव्हतं. आले, दुसऱ्या दिवशी रानात गेले, वर्षभर रानातच. मिलीचं काम किती मोठं आहे, हे मी वर्गात कितीदा समजावून सांगितलं आहे. तिथे मला ते काही सांगावंच लागलं नाही.

सगळ्यांत जास्त बोलणं झालं ते मेरीवरून. पुरुषांचं मत एकच होतं, ती बाई वाईट. माझंही मन चित्रपटाने तिच्याविरुद्ध केलेलं आहे. तिला नाचगाणं हवं, पैसा हवा, परका माणूस घरी येतो. पण विशीतल्या एका सुनेने, कडेवर मूल घेऊन, विचारलं : “तिला कुणी सांगितलं होतं का, असं होतं म्हणून? जेमतेम काही दिवसांचा संसार, मग तो गेला. आला तर रात्रीचा ओरडतोय. पेगीची आई हाय घरात शिकवायला. हिच्याकडं कोण हाय?”

या वाक्यावर मी थांबले. चित्रपटात पेगीला आई आहे, बाप आहे, ऊबदार घर आहे. मेरीला एक खोली आणि रात्रीची नोकरी. वायलर आणि शेरवूड यांनी तिच्यावर अन्याय केला आहे, असं मला आता ठामपणे वाटतं. फ्रेडशी ती जे बोलते, डोक्यातून काढून टाक, ते त्या काळात आणि आजही कितीतरी प्रेमळ बायका बोलतात, कारण दुसरं काय बोलायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. चित्रपटाने तिच्या तोंडी तो अडाणीपणा स्वार्थ म्हणून घातला.

मग मी पत्रकाची मागची बाजू वर करून तो नंबर मोठ्याने वाचला. फोन कोण उचलतं, नाव सांगावं लागतं का, पेन्शनवर परिणाम होतो का, असे प्रश्न आले. नंबर घरच्यांसाठीही आहे, हे मी दोनदा सांगितलं.

“त्या आकडेवाल्या पोराचं पुढं काय झालं?” एका आजींनी विचारलं. तेव्हा पुरस्कारांचं सांगितलं : साहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर आणि त्याच भूमिकेसाठी एक विशेष ऑस्कर, एका भूमिकेला दोन. पुढे ते माजी सैनिकांच्या संघटनेचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले, अपंगांना नोकरी मिळावी म्हणून बरीच वर्षं काम केलं. १९९२ मध्ये पत्नीच्या औषधोपचारासाठी त्यांनी एक ऑस्कर विकलं. २००२ मध्ये वारले. आजी म्हणाल्या, “बायकोसाठी विकलं ना. मंग झालं.”

साडेपाच वाजले. बाया धारांसाठी उठल्या.

सायंकाळी ५:४५

पुरुष थांबले होते. बाया गेल्यावर त्यांचं बोलणं बदललं. कोणी कारगिलचं काढलं, कोणी ईशान्येकडच्या फील्ड पोस्टिंगचं. घरी आलो की कशाचा आवाज त्रास देतो, याची एक लांब चर्चा झाली : फटाके, लग्नातला डीजे, कुकरची शिट्टी. मी फक्त ऐकत होते. पहिल्या रांगेतले ते वडील शेवटपर्यंत बोलले नाहीत. त्यांनी जाताना दोन पत्रकं घेतली.

ताडपत्र्या उतरवल्या, वायरी गुंडाळल्या. प्रोजेक्टर गार होईपर्यंत खोक्यात घालायचा नाही, हे त्या तरुणांना शिकवलं. पुढच्या वेळी तेच लावणार आहेत.

सायंकाळी ७

सातारा स्टँड. सुभेदारसाहेब सोडायला आले होते. गाडी लागायला वेळ होता, तेव्हा वहिनींचा निरोप त्यांनी सांगितला. ज्या आल्या नाहीत त्या आता विचारत आहेत. पुन्हा दाखवा, पण असा एका बैठकीत नको, आणि दुपारी नको. जेवणं झाल्यावर, दोन रात्रींत.

मला ते लगेच पटलं. परतण्याची ही गोष्ट सावकाशीने बघण्याचीच आहे, आणि मधल्या एका दिवसात घरी बोलणं होईल. पहिली रात्र बँकेच्या भोजनापर्यंत, मिलीच्या रेघांवर थांबवायची. दुसऱ्या रात्रीची सुरुवात मेरीपासून करून द्यायची, म्हणजे तिच्या बाजूचं आधी कानावर पडेल. त्या सुनेला दोन शब्द बोलायला उभं करता येईल का, असं मी विचारलं. “तिच्या सासूला विचारतो,” साहेब म्हणाले, आणि लगेच दुरुस्त केलं, “न्हाय, तिलाच विचारतो.”

रात्री असल्याने खिडक्यांचा प्रश्न नाही. मधल्या रांगा बायांसाठी राखून ठेवायच्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कोणी यायला तयार असेल तर दुसऱ्या रात्री बोलवायचं, पण भाषण नको, फक्त पेन्शन आणि उपचारांच्या प्रश्नांची उत्तरं. पत्रकं आजच्या दुप्पट. गाडीत बसल्यावर हे सगळं वहीत उतरवलं आणि मेरीच्या प्रसंगांतल्या मराठी ओळी पुन्हा तपासायच्या म्हणून यादी करायला घेतली. तिच्या तोंडी मी जरा जास्तच करडे शब्द घातले आहेत का, ते बघायचं आहे.